रांजणातल्या पोथ्या आणि ब्रह्मगिरीची गुहा



पौष महिना लागला की सुरगाणा-पेठच्या डोंगरपाड्यांवर टाळ-मृदंग खाली उतरतात. भाताची झोडणी झालेली असते, नागली-वरई कणगीत पडलेली असते, हाताला थोडी उसंत मिळते. मग पताका खांद्यावर येते आणि दिंड्या त्र्यंबकेश्वराची, निवृत्तिनाथांच्या वारीची वाट धरतात. त्याच पाड्यांवर एका अंगणात तुळस असते, शेजारच्या घरातली माणसे रविवारी येशूच्या प्रार्थनेला जातात आणि पलीकडच्या घरी डोंगऱ्यादेवाचा उत्सव मांडला जातो. माणसे एकाच रक्ताची, एकाच कुळाची. पण सोयरीक जुळवताना, सुतक पाळताना, गावपंगतीला बसताना एक प्रश्न डोके वर काढतो : खरे कोणाचे? कधी तो हसतखेळत विचारला जातो, कधी त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. ख्रिस्ती धर्म म्हणजे पहिल्या दिवसापासून एकच ग्रंथ, एकच शिकवण, एकच संघटना, असे मानणाऱ्यालाही वाटते आणि विरोध करणाऱ्यालाही वाटते. इतिहास तसे सांगत नाही. तो इतिहास वारकऱ्याने जाणून घ्यावा असा आहे, कारण त्याच्या मध्यभागी जो प्रश्न उभा आहे तोच आपल्या संप्रदायाच्याही उंबरठ्यावर उभा होता. तो प्रश्न असा : देवाविषयीचे ज्ञान थोड्यांनी जपून ठेवायचे, की सर्वांना वाटायचे? आणि वाटायचे ठरल्यावर, वेगळे बोलणाऱ्याचे काय करायचे?

एक आरंभ, अनेक वाटा

येशूंनी स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. ते अरामी भाषेत बोलले. ज्यांनी ऐकले त्यांनी ते मनात धरले, दुसऱ्यांना सांगितले. आज बायबलात जी चार शुभवर्तमाने आहेत ती त्यांच्या देहान्तानंतर साधारण चाळीस ते सत्तर वर्षांनी, ग्रीक भाषेत लिहिली गेली. मधल्या काळात आठवण तोंडातोंडी चालली होती, आणि तोंडातोंडी चाललेली आठवण गावोगाव थोडी वेगळी होते हे आपल्याला सांगायला नको. एकच अभंग देहूत एका पाठाने आणि पंढरपुरात दुसऱ्या पाठाने ऐकलेले कान आपले आहेत.

म्हणून पहिल्या दोन-तीन शतकांत येशूंना मानणाऱ्यांत अनेक पंथ दिसतात. काही जण यहुदी आचार, खाण्यापिण्याचे नियम पाळूनच येशूंना मानत. मार्सियन नावाचा एक आचार्य म्हणे की जुन्या यहुदी शास्त्रातला न्याय करणारा देव वेगळा आणि येशूंचा दयाळू पिता वेगळा. त्याने जुने शास्त्र बाजूला ठेवून, एक शुभवर्तमान आणि संत पौलाची दहा पत्रे एवढाच आपला ग्रंथ ठरवला. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याच काळात इजिप्तमधून रोमला आलेला व्हॅलेंटिनस नावाचा विद्वान आणि त्याचे शिष्य आणखी वेगळी शिकवण देत होते. त्या आणि तशाच इतर पंथांना अभ्यासक ‘ग्नोस्टिक’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. हा शब्द आणि आपला ‘ज्ञान’ शब्द एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. आपण त्यांना मराठीत ज्ञानवादी म्हणू.

रांजणातल्या पोथ्या

या ज्ञानवाद्यांविषयी जगाला बरीच शतके माहीत होते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. ल्यों नगराचा बिशप आयरेनियस याने सन १८० च्या सुमारास त्यांच्या खंडनाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पूर्वपक्ष म्हणून त्यांची मते मांडली आणि मग खोडली. पूर्वपक्षाची मूळ पोथी मात्र हाती नव्हती. विचार करा, महाराज : ज्या माणसाला आपण कधी ऐकलेले नाही, त्याची ओळख त्याच्याशी भांडणाऱ्याकडून करून घ्यावी लागली, तर ती कितपत पुरी होईल?

सन १९४५ च्या डिसेंबरात इजिप्तमध्ये, नाईल नदीकाठच्या नाग हम्मादी गावाजवळ, काही शेतकरी डोंगराच्या पायथ्याशी शेताला घालायची खतमाती खणत होते. कुदळीखाली एक मातीचा रांजण लागला. आत सोने असेल या आशेने त्यांनी तो फोडला. निघाल्या चामड्याच्या वेष्टनात बांधलेल्या, पपायरसच्या पानांच्या तेरा पोथ्या, इजिप्तच्या कॉप्टिक भाषेत लिहिलेल्या. घरी नेल्यावर त्यांतली काही पाने चुलीत गेली असे सांगतात. उरलेल्या पोथ्या हातोहात फिरत कैरोच्या संग्रहालयात पोहोचल्या. त्यांत पन्नासच्या वर लहानमोठे ग्रंथ होते. सर्वांचे इंग्रजी भाषांतर एकत्र छापून व्हायला सन १९७७ उजाडले.

या पोथ्या पुरल्या कोणी आणि कशासाठी? सन ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी आपल्या मंडळींना पत्र पाठवले. त्यात त्यांनी नव्या करारातले म्हणून सत्तावीस ग्रंथ नाव घेऊन सांगितले आणि याखेरीजचे गुप्त म्हणवले जाणारे ग्रंथ सोडून द्या असे बजावले. आज जगभर जे सत्तावीस ग्रंथ मानले जातात, नेमकी तीच यादी त्या पत्रात आहे. सन ३२५ च्या निकाया येथील धर्मसभेत मतदान करून हे ग्रंथ ठरवले अशी एक समजूत पसरलेली आहे. ती बरोबर नाही. त्या सभेतला वाद येशू आणि पिता परमेश्वर यांच्या संबंधाविषयी होता. ग्रंथांची यादी हळूहळू, वापरातून आणि वादातून, घट्ट होत गेली. रांजण सापडला तिथून जवळच त्या काळी साधूंचे मठ होते. काही अभ्यासकांना वाटते की अथानासियस यांच्या पत्रानंतर कोणा साधूनेच, जाळायला हात धजेना म्हणून, त्या पोथ्या मातीत ठेवल्या असाव्यात.

त्यांत काय आहे? एक आहे ‘थॉमसचे शुभवर्तमान’. त्यात येशूंचे चरित्र नाही, चमत्कार नाहीत, क्रूसावरचा मृत्यूही नाही. फक्त येशूंच्या तोंडची एकशेचौदा वचने आहेत. काही बायबलात आहेत तशीच, काही कोड्यासारखी. त्यांचा रोख असा की देवाचे राज्य आकाशात शोधू नका, स्वतःला ओळखा, ते तुमच्या आत आहे आणि बाहेरही आहे. हे वाचताना वारकऱ्याच्या कानाला काही परके लागणार नाही.

आणखी एक पोथी, ‘मरियेचे शुभवर्तमान’, या रांजणातली नव्हे. ती सन १८९६ मध्ये कैरोत एका जर्मन विद्वानाला मिळाली होती. तिच्यात येशूंची शिष्या मरिया मग्दालिया इतर शिष्यांना धीर देते आणि प्रभूंनी आपल्याला काय सांगितले ते ऐकवते. तेव्हा पेत्र हरकत घेतो की प्रभूंनी आम्हाला सोडून एका बाईला हे का सांगावे? मरिया रडते. लेवी नावाचा शिष्य पेत्राला समजावतो की प्रभूंनीच तिला योग्य मानले, तर तिला नाकारणारा तू कोण? ही पोथी यादीत नव्हती. सुमारे दीड हजार वर्षे तो संवाद कोणी वाचला नाही. आपण मात्र मुक्ताईला चांगदेवांची गुरू म्हणतो, जनाबाईचे अभंग काकड्याला गातो, ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईने तुकोबांना गुरू केले ते आदराने सांगतो.

ज्ञान, पण कोणासाठी?

इथपर्यंत ऐकून वाटेल की हे ज्ञानवादी आपलेच, आणि बिशप मंडळी उगाच त्यांच्यामागे लागली. थांबा. दुसरी बाजू ऐकल्याखेरीज निवाडा करू नये.

ज्ञानवाद्यांतले बहुतेक पंथ मानत की हे दिसणारे जग खऱ्या परमेश्वराने केलेलेच नाही. कोणा खालच्या, अडाणी कारागिराने ते केले, आणि आत्म्याची ठिणगी त्यात कोंडली गेली. ज्याला ज्ञान झाले तो या तुरुंगातून सुटला. व्हॅलेंटिनसच्या शिष्यांनी तर माणसांचे तीन प्रकार पाडले : आत्मिक, मधले आणि निव्वळ मातीचे. मातीच्यांना सुटका नाही. आणि जे ज्ञान सोडवते ते गुप्त, निवडक शिष्यांच्या कानात सांगितलेले.

आयरेनियसने नेमके इथे बोट ठेवले. तो म्हणतो, प्रभूच्या शिष्यांना काही गुप्त ठाऊक असते, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांनाच ते सर्वांत आधी सांगितले असते. आमची शिकवण उघडी आहे, कोळ्यालाही कळेल अशी आहे, आणि हे जग चांगल्या देवाचे चांगले काम आहे. या म्हणण्यात जोर आहे. वारकऱ्याने प्रामाणिकपणे सांगावे : जग हा तुरुंग आहे आणि शेजारचा माणूस मातीचा आहे असे मानणाऱ्याच्या दिंडीत आपण चालू का? आपल्याला विठ्ठल चराचरात दिसायला हवा असतो, कांदा-मुळ्याच्या वाफ्यात दिसायला हवा असतो. शेत, गाय, मुलेबाळे टाकून देव मिळवा असे आपल्या संतांनी सांगितले नाही.

तर मग हिशेब असा झाला. ज्ञानवाद्यांकडे अनुभव होता, स्त्रीचा शब्द होता, आत पाहण्याची शिकवण होती; पण दार अरुंद होते. बिशपांकडे उघडे दार होते, गरिबाला कळणारी शिकवण होती; पण आत आल्यावर वेगळा सूर काढणाऱ्याला ते बाहेर घालवत. दोघांकडे अर्धे-अर्धे होते.

कल्याण बंदरातले शेजारी

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण त्या बाहेर घातलेल्यांपैकी एक वाट आपल्या कोकणकिनाऱ्याला येऊन लागली आहे.

सन ४३१ मध्ये इफिसस येथे धर्मसभा भरली. वाद होता येशूंमधले देवत्व आणि मनुष्यत्व यांचा मेळ कसा समजायचा याचा, आणि मरियेला ‘देवाची माता’ म्हणायचे का, याचा. कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख नेस्टोरियस यांचे मत पाखंडी ठरवून त्यांना पदावरून काढले. इराणातल्या, सिरियाक भाषेत प्रार्थना करणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तो निवाडा मानला नाही. रोमी साम्राज्यातले लोक त्यांना नेस्टोरियन म्हणून हिणवू लागले. ते मात्र व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आणि तांड्यांतून पूर्वेकडे पसरत गेले, चीनपर्यंत.

सन ५५० च्या सुमारास इजिप्तच्या कोस्मास नावाच्या व्यापारी प्रवाशाने ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की कल्लियाना या ठिकाणी एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. कल्लियानाहून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जाते असेही तो नोंदवतो. बहुतेक अभ्यासक कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे मानतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल घाट चढून जुन्नरला, नाशिकला येत असे. नाशिकच्या पांडवलेण्यात तर एका यवनाने, इंद्राग्निदत्ताने, बौद्ध भिक्खूंसाठी खोदवलेले लेणे आजही उभे आहे. आपल्या मुलखाला परदेशी आणि परधर्मी माणूस काही काल-परवा दिसलेला नाही.

पुढे सन १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यांचा वृत्तान्त ओदोरिक नावाच्या साधूने लिहून ठेवला आहे. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती आणि ते चौघे त्यांच्याच घरी उतरले होते, असे तो सांगतो. आणि त्याच वाक्यात त्या यजमानांना पाखंडी म्हणायला विसरत नाही. वर्ष लक्षात घ्या. ज्ञानोबा माउलींच्या आळंदीच्या समाधीला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. नामदेवराय देहाने या भूमीवर होते. म्हणजे मराठी मुलखात नामाचा गजर होत असताना, त्याच मुलखात पंधरा घरे सिरियाक भाषेत देवाला आळवत होती, आणि त्यांच्याच धर्माचे लोक त्यांना खरे ख्रिस्ती मानत नव्हते. पाहुण्याला मात्र त्यांनी घरात घेतले.

दामाजीपंतांसारखी एक कथा

या सिरियाक परंपरेत एक पोथी होती : ‘थॉमसची कृत्ये’. तिसऱ्या शतकाच्या आरंभीची. ती बायबलात घेतली गेली नाही, पण तिची कथा भारताची आहे. शिष्यांनी जगाच्या दिशा वाटून घेतल्या तेव्हा थॉमसच्या वाट्याला भारत आला. तो सुतार होता. गुंडफर राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले. थॉमसने ते सगळे गोरगरिबांना वाटले. राजाने विचारले, महाल कुठे आहे? थॉमस म्हणाला, बांधला आहे, पण तो या डोळ्यांनी दिसणार नाही. राजाने त्याला तुरुंगात टाकले. तेवढ्यात राजाचा भाऊ वारला, त्याने वर जाऊन तो महाल पाहिला आणि परत येऊन राजाला साक्ष दिली. गुंडफर हा खरोखरचा राजा होता. त्याची नाणी वायव्येकडे सापडली आहेत.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ऐकत वाढलेल्या माणसाला यात काय ओळखीचे आहे ते सांगायला नको. राजाचे धान्य भुकेल्यांच्या पोटात गेले, हिशेब देवाने चुकता केला.

त्याच पोथीत एक गीतही आहे. एका राजपुत्राला परमुलखात मोती आणायला पाठवतात. तिथले अन्न खाऊन तो आपण कोण हेच विसरतो. घरून पत्र येते, तो जागा होतो, मोती घेऊन परततो. वेदान्तात व्याधांच्या घरी वाढलेल्या आणि स्वतःला व्याध समजणाऱ्या राजपुत्राचा दृष्टान्त आहे. कीर्तनात आपण तो ऐकला असेल. दोन दूरच्या मुलखांत माणसाला एकच दुखणे झाले होते, आणि औषधही जवळजवळ एकच सुचले.

गोव्याच्या दोन गोष्टी

सन १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस केरळात गेले. तिथल्या उदयंपेरूर गावी त्यांनी थॉमसच्या परंपरेतल्या ख्रिस्त्यांची सभा भरवली. त्यांच्या सिरियाक पोथ्या तपासायला मागवल्या; ज्यांत नेस्टोरियसचे मत दिसले त्या सुधारायच्या किंवा नष्ट करायच्या असे ठरले. कितीतरी पोथ्या आगीत गेल्या. अथानासियसच्या पत्रानंतर बारा शतके लोटली होती, पण वेगळ्या पोथीची भीती तशीच होती.

दुसरी गोष्ट निराळी आहे. सन १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला आणि मराठी भाषेच्या प्रेमात पडला. त्याने येशूंचे चरित्र आपल्या ओवीत रचले : ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. सन १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. मग सन १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज जगात कुठे मिळत नाही. तरी ग्रंथ जगला, कारण गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्याला गेलेल्या ख्रिस्ती घरांनी त्याच्या हातप्रती करून ठेवल्या होत्या आणि उपवासाच्या काळात ते ओव्या वाचत. त्या हातप्रतींवरून सन १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. पुढे लंडनमध्ये त्याची देवनागरी हातप्रत ओळखणारे जस्टिन ॲबट हेच आपल्या संतांची चरित्रे आणि बहिणाबाईंचे अभंग इंग्रजीत नेणारे मिशनरी.

छापखान्यातली प्रत गेली. माजघरातली, रोज वाचली जाणारी प्रत राहिली.

आपल्या घरी

दुसऱ्याच्या घरातले पाहून झाले. आता आपल्या घरात दिवा लावून पाहू.

माउलींनी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तीनशे वर्षांत नकलांतून पाठ बिघडले, म्हणून सन १५८४ मध्ये नाथबाबांनी प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये असे निक्षून सांगितले. तरीही वेगळे पाठ राहिलेच, आणि सन १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एका जुन्या प्रतीवरून निराळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली. तुकोबांच्या गाथेचे देहूचे, पंढरपूरचे, इतर ठिकाणचे पाठ वेगळे. सन १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्याची गाथा निघाली तेव्हाही निरनिराळ्या हातप्रती ताडाव्या लागल्या. अभंग कमी-जास्त भरतात. म्हणून कोणा वारकऱ्याने दुसऱ्याला पंगतीतून उठवलेले नाही. गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली गेली, ही आपल्या परंपरेतली जखम आहे. आणि ती लोकांच्या मुखी होती म्हणून तरली, हे आपल्या परंपरेचे बळ आहे.

पण आपल्याही मुलखात वेगळ्या सुराला जागा नेहमी मिळाली असे नाही. चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ देऊन गेला. त्या पंथाच्या नागदेवाचार्यांनी शिष्याला संस्कृतात लिहू नको म्हणून थांबवले, कारण त्याने म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकल्या असत्या. केवढी मोठी गोष्ट! आणि त्याच पंथाला पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लपवाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या खटपटीने ती लिपी उलगडली, तोवर बाहेरच्या मराठी वाचकाला त्या माहीतच नव्हत्या. तोही एक रांजणच होता.

आणि चोखोबा. त्यांचे अभंग आपण गातो, सोयराबाईंचे गातो. पण जिवंतपणी त्यांना देवळाच्या आत जाता आले नाही. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. त्यांच्या समाजाला विठोबाच्या पायांवर डोके ठेवता यावे यासाठी सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. शब्द आत घेतला आणि माणूस सहाशे वर्षे बाहेर ठेवला, हे आपल्याला विसरून चालणार नाही. दुसऱ्यांच्या धर्मसभांना नावे ठेवताना आवाज थोडा खाली येतो, तो यामुळे.

ब्रह्मगिरीची गुहा

आता ज्या त्र्यंबकेश्वराला आपण पौषात जातो तिथे या. परंपरा सांगते की विठ्ठलपंत मुलाबाळांना घेऊन ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत होते. वाट रानाची. समोर वाघ आला, सगळे पांगले, आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसले होते. त्यांनी त्याला नाथपंथाची दीक्षा दिली.

नाथांचे ज्ञान गुप्त होते. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी असे एकाने एकाला दिलेले, कानातून कानात गेलेले. तिथे एका गुहेत ते निवृत्तीच्या हाती आले. इजिप्तच्या ज्ञानवाद्यांच्या हाती होते तसेच हेही : खरे, अनुभवाचे, आणि झाकलेले. पण ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउली सांगतात की गहिनीनाथांनी निवृत्तींना आज्ञा केली ती हे जपून ठेवण्याची नव्हती. कलीने गांजलेल्या जीवांचे दुःख यातून दूर कर, ही होती. निवृत्तींनी ते ज्ञानदेवांना दिले आणि ज्ञानदेवांनी नेवाशात, सर्वांसमोर, मराठीत, ते मांडले. सहाव्या अध्यायात तर नाथपंथाच्या योगाची खूणच उघड करून ठेवली. गुहेत मिळालेले चव्हाट्यावर आले. मग पुढे शिंप्याने, कुंभाराने, माळ्याने, सोनाराने, दासीने त्यात आपापला सूर मिसळला. त्यांत एकमेकांशी न जुळणारे सूर आहेत. कोणी सगुणाकडे झुकते, कोणी निर्गुणाकडे. कोणी देवाशी लाडाने भांडते, कोणी त्याला खडसावून जाब विचारते. ते सगळे एका दिंडीत चालतात.

म्हणून आपल्या संप्रदायाला वारशाने दोन कामे आली आहेत. ज्ञान उघडे करायचे, हे पहिले. ते निवृत्तिनाथांनी करून दाखवले. दार बंद करायचे नाही, हे दुसरे. ते अजून पुरे झालेले नाही, ते आपल्यावर आहे. ज्ञानवादी पहिल्यात चुकले. धर्मसभा दुसऱ्यात चुकल्या.

पाड्यावर परतल्यावर

वारीहून घरी परताल तेव्हा हे सुरगाण्याच्या पाड्यावर कसे लागू करायचे?

आपल्या कोकणा समाजात अजून थाळीवर कथा सांगणारी म्हातारी माणसे आहेत. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात, बोटे ओढून नाद काढतात आणि रात्रभर धान्यमाता कणसरीची कथा चालते. ती कोणत्या पोथीत बांधलेली नाही. एका पाड्यावर एक, दुसऱ्यावर थोडी निराळी. तिला अडाण्यांचे खूळ म्हणून हसणारी माणसे आपल्यातही आहेत, प्रार्थनेला जाणाऱ्यांतही आहेत. त्या म्हाताऱ्याबरोबर ती कथा गेली तर ती कुठल्या रांजणातही सापडणार नाही. माळकऱ्याने त्या रात्री जाऊन बसावे. नातवाला सोबत न्यावे.

आणि शेजारच्या घरातला भाऊ म्हणाला की आमचा ग्रंथ एकच आणि तोच खरा, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या घरच्या मोठ्या इतिहासात थॉमस आहे, रडणारी मरिया आहे, ठाण्याची पंधरा घरे आहेत, ओवीबद्ध ख्रिस्तपुराण आहे. ते त्याला माहीत नसेल तर प्रेमाने सांगावे. त्यानेही आपल्याला चोखोबांची पायरी आठवून दिली तर मान खाली घालून ऐकावे. मग दोघांनी मिळून नागलीची भाकर खावी. सोयरीक, सुतक, पंगत यांत देवाच्या नावाने ताट वेगळे करू नये.

निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे डोके टेकताना एवढे मागावे : दादा, तुम्ही गुहेतले बाहेर आणलेत, आमच्याकडून दार लावले जाऊ नये.

रामकृष्णहरी.